संध्याकाळचे डोळे

मिरजेत आमच्या समाजात सून कशी असावी हे सांगायचं झालं की माझं नाव घेतात. डॉक्टरची बायको असून दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही, लग्नात नाही की वाढदिवसाला नाही. तशी जैनाच्या घरात ही काही मोठी गोष्ट नव्हे, आमच्या सासूबाई जन्मभर पाळत आल्यात. पण कॉलेजात भूगोल शिकवणारी, नवऱ्याबरोबर चार देश हिंडून आलेली बाई आपणहून महाराजांपुढं उभी राहते आणि रात्रिभोजनत्यागाचा आजन्म नियम घेते, याचं लोकांना फार अप्रूप. महिला मंडळानं माझा सत्कार केला, शाल पांघरली, वर भाषण करायला लावलं. मीही ठोकून दिलं भाषण. ते ऐकून आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी नियम घेतला.

खरं कारण धर्माचं नव्हतंच. मला संध्याकाळी धड दिसत नव्हतं.

आंधळी झाले होते असं नाही. दिवसा मला चौकाच्या पलीकडच्या बसची पाटी वाचता यायची. दिवस कलला की मात्र एकेक दिवा पिंजलेल्या कापसासारखा फुगायचा. समोरच्या गाडीचा उजेड रस्ताभर सांडायचा, आणि माणसाच्या चेहऱ्यावर त्याच चेहऱ्याची एक फिकट सावली जरा सरकवून ठेवल्यासारखी दिसायची. एका रिसेप्शनला मी भलत्याच माणसाचा दंड धरून "चला की हो, किती वेळ" म्हणाले. सगळे हसले, मीही हसले, घरी येऊन बाथरूममध्ये रडले. त्याच चातुर्मासात नियम घेतला. रात्रीचं जेवण नाही म्हटल्यावर रात्रीचं बाहेर जाणं आपोआप सुटलं. तिन्हीसांजेला सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, डोळे मिटून बसलं की कुणी हाकही मारत नाही. देवाच्या आडोशाला लपले मी, आणि याची मला जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

आता हे झालं कसं, ते सांगते. माझे यजमान डॉक्टर भरतेश चौगुले, डोळ्यांचे सर्जन. चष्मा घालवायचं जुनं लेझर तुम्हाला ठाऊक असेल. डोळ्याच्या पुढं जो पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया, तो त्यात थोडा खरवडून त्याचा आकार बदलायचे. दोन हजार पस्तीस सालच्या सुमारास नवीन पद्धत आली. हे लेझर काही कापत नाही, पडद्याच्या आतल्या आत अतिशय बारीक वलयं उमटवतं. त्या वलयांत प्रकाश वळायचं प्रमाण किंचित बदलतं, आणि पडदा आहे तस्साच राहून स्वतःच चष्म्याचं भिंग होतो. जखम नाही, दुखणं नाही, दुसऱ्या दिवशी माणूस कामावर. डॉक्टर लोक याला 'लेखन' म्हणतात. एक आहे, लिहिलेलं पुसता येत नाही.

त्याआधीचे डोळ्यांचे डॉक्टर गमतीशीर होते. लोकांचे चष्मे काढायचे आणि स्वतः जाडजूड चष्मा लावून बसायचे. पेशंट विचारायचाच, साहेब, तुम्ही का नाही हो करून घेतलं? लेखन आलं आणि वारं फिरलं. डॉक्टरांनी आधी स्वतःचं करून घेतलं, मग बायकोचं, मग पोराबाळांचं. ज्या सर्जनच्या घरात चष्मा दिसेल त्याच्याकडं बाकीचे कीव आल्यासारखे बघायला लागले. वार्षिक अधिवेशनात तर पद्धतच पडली, की सगळ्यांसमोर थेट ऑपरेशन दाखवायचा मान ज्याला मिळेल त्यानं टेबलावर घरचं माणूस घ्यायचं. आचारी स्वतःच्या हातचं जेवतो म्हटलं की गिऱ्हाइकाला धीर येतो, तसलाच प्रकार.

मिरजेतली पहिली मी. पहिल्या आठवड्यातच मी यांना सांगितलं होतं, "अहो, संध्याकाळी दिव्यांभोवती काहीतरी पसरतंय." यांनी मला लगेच दवाखान्यात नेऊन तक्त्यासमोर बसवलं. अंधारी खोली, पण तक्ता कसा, पांढराशुभ्र, आतून लख्ख पेटलेला, त्यावर काळीकुट्ट अक्षरं. मी शेवटची ओळ घडाघडा वाचली.

"सहा बाय सहा," हे म्हणाले, आणि यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "रत्ना, याच्यापेक्षा चांगलं दिसूच शकत नाही. राहिलेलं मेंदूचं काम आहे. नवीन नजर आहे, तीन महिन्यांत सवय होईल."

तीन महिन्यांनी यांनी विचारलं, "आता कसं आहे?" तेव्हा समोर नणंद बसली होती, तिचं लेखन दुसऱ्या दिवशी होतं. दवाखान्याच्या भिंतीवर माझा हसरा फोटो लागून महिना झाला होता. मी म्हणाले, "छान." मला वाटलं, आपलाच मेंदू मठ्ठ. शिकवणारी बाई असून आपल्याला एवढी सवय होईना, हे कुणाला सांगणार? नणंदेला पुढं काहीच त्रास झाला नाही, तेव्हा तर खात्रीच पटली. एकदा छान म्हटलं की दुसऱ्यांदा वेगळं म्हणता येत नाही हो. मग आठ वर्षं छानच चालू राहिलं.

हे असंच मरेपर्यंत रेटलं असतं मी. पण या वर्षी अधिवेशनातल्या थेट ऑपरेशनचा मान यांना मिळाला आणि टेबलावर कोण, तर आमची आर्जवी.

आर्जवी एकवीस वर्षांची, एकुलती एक. नंबर माझ्यासारखाच मोठा. डोळेही माझेच, टपोरे, काळेभोर. बारशाला आलेली प्रत्येक बाई हेच म्हणून गेली होती. तिला चष्म्याचा कंटाळा आला होता, बापावर तिचा विश्वास होता आणि आईचा फोटो भिंतीवर होता. अजून काय पाहिजे? पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी ऊन असतानाच आम्ही जेवायला बसलो, तेव्हा तिनं विचारलं, "आई, खरं सांग हं. तुला नंतर काही त्रास झाला का गं?"

ताटात आमटी होती. मी ती ढवळत बसले.

"काही नाही गं," मी म्हणाले. "कळतसुद्धा नाही कधी झालं ते."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे तिला म्हणाले आणि भाकरी मागून घेतली. मी उठून भाकरी आणायला गेले आणि ओट्यापाशी उभी राहून मनातल्या मनात स्वतःला नाही नाही ते बोलले. सांगायला काय लागतं? तोंड उघडायला लागतं. पण तोंड उघडलं तर नियमाचं काय सांगू, सत्काराचं काय सांगू, सासूबाई उठता-बसता माझं नाव घेतात त्याचं काय करू? आणि यांचं काय? आणि माझाच मेंदू मठ्ठ असेल तर पोरीला उगीच घाबरवलं असं व्हायचं. अशी सगळी गणितं करून मी भाकरी घेऊन परत आले.

पुण्याच्या हॉटेलात मोठा थोरला हॉल होता. राज्यभरातले डोळ्यांचे सर्जन, पहिल्या रांगांत त्यांची कुटुंबं. आर्जवीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याआधी दुपारी एका नव्या मशीनचं प्रात्यक्षिक होतं. त्याचं नाव 'साक्षी'. मोठ्या गॉगलसारखं ते डोळ्यांवर चढवायचं. ते डोळ्याच्या तळाशी एक बारीक किरण सोडतं आणि तो परत येताना वाटेत कुठं कुठं वाकतो ते मोजतं. मग पुढच्या कॅमेऱ्यातलं चित्र तितकंच वाकवून पडद्यावर टाकतं. म्हणजे त्या माणसाला जग जसं दिसतं तसं बाकीच्यांना दिसतं. आजवर डॉक्टरला पेशंटच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागायचा, किंवा ठेवायचा नाही. आता त्याच्या डोळ्यांत शिरून बघता येणार होतं.

"आणि हे दाखवायला आठ वर्षांपूर्वीचं लेखन असलेले डोळे कुणाचे?" अध्यक्ष माइकवरून म्हणाले. डॉक्टर निरगुडे, सत्तरीतले गृहस्थ, सगळे त्यांना सर म्हणतात. "वहिनी, या."

यांनी मला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, असं यांना वाटलं असणार.

पायऱ्या चढताना मी घाबरले होते, आणि तरी आतून एक बरं वाटत होतं. चला, मशीनच सांगेल. मला बोलायला नको. भित्र्या माणसाला अशी सुटका मिळाली तर पाहिजेच असते. मी खुर्चीत बसले, ऑपरेटर मुलीनं गॉगल चढवला, आणि मी हॉलकडं बघितलं.

मागच्या मोठ्या पडद्यावर हॉल उमटला. मी मान वळवून बघितलं तर पडद्यात पडदा, त्यात पडदा, सगळे स्वच्छ. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कोटावरचा बिल्ला वाचता येत होता. हॉल टाळ्यांनी भरून गेला. स्टेजवरचे दिवे असे लख्ख होते की भर दुपारी गच्चीवर उभी राहिल्यासारखं वाटत होतं.

"आठ वर्षं!" हे माइकवर म्हणाले. "काल केल्यासारखं."

तेव्हा मला जे वाटलं त्याची लाज आधी सांगते. मला हायसं वाटलं. मशीनसुद्धा छान म्हणतंय, आता कुणीच मला खोटं ठरवणार नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. आईच्या मनात. मग पहिल्या रांगेत आर्जवी दिसली. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता तिनं, जणू आजपासूनच सवय करत होती, आणि टाळ्या वाजवत माझ्याकडं बघून हसत होती. बिनचष्म्याची तिला मी म्हणजे नुसता एक रंगीत ठिपका दिसत असणार. तरी हसत होती.

"जरा लाइट घालवा," मी म्हणाले.

"वहिनी, डोळ्यांवर येतोय का उजेड?" निरगुडे सरांनी विचारलं.

"नाही. सगळे घालवा. हॉलचेपण."

"रत्ना, झालं प्रात्यक्षिक," हे हसत हसतच म्हणाले, पण माझ्या दंडाला धरून. "उतर आता."

"अहो, एकदा घालवा म्हणते ना."

"घालवा हो," निरगुडे सर मजेत होते. "अंधारातसुद्धा आमच्या वहिनींना काय झकास दिसतं ते बघूया."

दिवे मंदावले. पायऱ्यांकडेचे बारीक दिवे आणि दारावरच्या हिरव्या पाट्या तेवढ्या राहिल्या. संध्याकाळ झाली म्हणा ना. क्षणभर काही झालं नाही. मग अंधाराला डोळे सरावतात तसे माझे डोळे मोठे होत गेले, आणि पडद्यावर माझी संध्याकाळ आली.

पायऱ्यांकडेचा एकेक दिवा फुगून शेजारच्याला भिडला. हिरव्या पाट्यांची अक्षरं विरघळली. पहिल्या रांगेतले चेहरे एकात एक मिसळले, त्यात माझी पोरगी कुठली हे पडद्यावर कुणालाच सांगता आलं नसतं.

"कॅलिब्रेशन गेलंय," हे म्हणाले.

ऑपरेटर मुलीनं माझा गॉगल काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. पडद्यावर तोच अंधारा हॉल आला, करकरीत. तिनं तो परत मला चढवला. परत कापूस.

"मशीन बरोबर आहे, भरतेश," निरगुडे सर म्हणाले. आवाजातली मजा गेली होती. "बाहुली आहे ही. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. तुझ्या बायकोची लिहिलेल्या भागाच्या बाहेर जाते. आतला उजेड एका वाटेनं येतो, कडेचा दुसऱ्या. जुन्या लेझरच्या वेळी आम्ही अंधारात बाहुली मोजल्याशिवाय हात लावत नव्हतो. मग काही कापायचंच नाही म्हटल्यावर सोडून दिलं. मीच सोडून दिलं आधी. तुम्ही सगळे माझ्याकडूनच शिकलात."

म्हणजे माझा मेंदू मठ्ठ नव्हता. आठ वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या त्या फुकट. पण तेव्हा त्याचंसुद्धा काही वाटलं नाही, कारण हे माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते.

"तू कधी बोलली नाहीस," हे म्हणाले. माइक चालू होता.

"बोलले होते. पहिल्या आठवड्यात. तुम्ही तक्ता वाचायला लावलात."

आणि मी यांच्याकडं बघितलं. मी जिकडं बघेन तेच मागच्या पडद्यावर जातंय हे मी विसरले होते. भिंतीएवढा यांचा चेहरा तिथं आला, एकावर एक दोन, तोंड अर्धवट उघडं, नजर खाली. चारशे सर्जन माझ्या नवऱ्याची मान खाली गेलेली माझ्या डोळ्यांतून बघत होते. चोवीस वर्षांच्या संसारात मी यांना असं कधी बघितलं नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. पडदा काळा झाला.

दिवे लागल्यावर मी खाली उतरले. चहापाणी सुरू झालं तरी आमच्याजवळ कुणी येईना. फक्त वॉशरूममध्ये एक बाई माझ्या शेजारी येऊन हात धुवत राहिल्या, नळ बंद करायचं नावच नाही. नाशिकच्या एका डॉक्टरांच्या मिसेस. शेवटी आरशातच बघत म्हणाल्या, "मी घरात सांगते, मला गाडी चालवायचा कंटाळा आहे." आणि पदराला हात पुसत निघून गेल्या.

हे आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. टाय सोडलेला. "उद्याचं रद्द केलंय," म्हणाले. मग लगेच, "तीन महिन्यांनी तू छान म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"मग मी काय समजायचं होतं?"

"तुम्हाला आवडलं ते समजलात," मी म्हणाले. "मलाही ते बरं पडलं."

यांनी टाय काढून खिशात घातला. बोलले असते तर भांडण तरी झालं असतं.

तोवर सासूबाईंचा फोन आला. मिरजेत घरी बसून त्यांनी सगळं थेट बघितलं होतं, लेकाचं कौतुक बघायला टीव्ही लावून बसल्या होत्या. मला वाटलं, आता आर्जवीच्या डोळ्यांचं विचारतील.

"रत्ना, नियम घेतलास तो याच्यापायी?"

"हो आई."

"सत्काराला शाल घेतलीस, तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"आणि तरी घेतलीस. मी बायकांना तुझ्या पाया पडायला लावलं गं." आणि फोन ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

राहिली आर्जवी. ती कुठंच दिसेना. शोधत बाहेर आले तर हॉटेलच्या मागच्या वाहनतळात आमच्या गाडीपाशी उभी होती, चष्मा लावून. दिवस मावळतीला आला होता, अजून थोडा उजेड होता. मला वाटलं, गळ्यात पडेल. वाचली म्हणून म्हणा, आईनं भर सभेत तोंड उघडलं म्हणून म्हणा. मी हात पुढं केला.

"आई, आत चारशे माणसं होती," ती म्हणाली. "परवा घरी विचारणारी मी एकटीच होते."

मी हात खाली घेतला.

"मी तुला विचारलं होतं. खरं सांग म्हणून विचारलं होतं. मशीन नसतं तर?"

"तर काय माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

"उद्या सकाळी मी टेबलावर झोपले असते. तू बाहेर बसली असतीस."

"हो."

"का पण?"

"लाज वाटायची गं."

"माझी?"

"तुझी कशाला? माझी. तुला सांगितलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, की मग आठ वर्षं काय केलंस. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं."

"आत्ता आहे?"

"नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली की तिच्या ओठाची एक कड खाली जाते, ती तशी गेली होती का, मला कळेना. उजेड गेला होता. तिच्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा आला होता आणि दोन्हींत काय आहे ते मला वाचता येत नव्हतं. ती वळली आणि गाड्यांच्या रांगेतून फाटकाकडं चालायला लागली.

मीही मागं निघाले. दोन-चार पावलं गेले असेन, तेवढ्यात वाहनतळाचे दिवे लागले आणि ते सगळे एकदम माझ्या अंगावर आले. फाटकाकडं बरीच माणसं चालली होती. सगळ्या पाठी सारख्याच. एरवी अशा वेळी मी काय करते ते सांगू? जागच्या जागी थांबते, पर्स उघडून काहीतरी शोधल्यासारखं करते आणि कुणीतरी मला न्यायला परत येईल याची वाट बघते. लोकांना वाटतं, बाई विसराळू आहेत. माझा हात पर्सच्या चेनवर गेलासुद्धा होता.

"आर्जू," मी ओरडले. "थांब. मला दिसत नाहीये."

आसपासची माणसं वळून बघायला लागली असतील, मला कुठं कळतंय. पुढं एक आकृती थांबली. मागं वळली नाही, माझ्याकडं आली नाही, पण थांबली. मी तिच्या दिशेनं चालायला लागले. मधे एका गाडीच्या आरशाला धडकले, कुणाला तरी पाय लागला, त्यांना सॉरी म्हणाले, आणि जवळ जाऊन, तीच आहे का ते बघायला तिच्या खांद्याला हात लावला.

"मीच आहे," ती म्हणाली. अजून रागातच होती.